सोळा चालींचा डाव

अकोल्यातल्या एका खुल्या स्पर्धेत शेवटच्या फेरीतला माझा डाव सोळाव्या चालीला बरोबरीत सुटला. दोघांच्याही घड्याळात सव्वा तासाहून जास्त वेळ शिल्लक होता. शेजारच्या पटावर अजून किल्लेकोटही झाले नव्हते, आणि आमचे सह्या केलेले कागद पंचांच्या टेबलावर जाऊन पडले. अमरावतीहून माझ्यासोबत आलेला मित्र व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. "काहून बा, इतक्या लवकर? हारला काय?" मी म्हटलं, बरोबरी. "सोळा चालींत? मंग एवढ्या उन्हाचं इथं यायचं काय काम होतं? फोनवरच हात मिळवून घेतला असता."

त्याचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. झटपट बरोबरीला बुद्धिबळात वाईट नाव आहे आणि बहुतेक वेळा ते रास्तच असतं. दोघं आधीच ठरवून बसतात, दहा-बारा चाली लाकडं इकडची तिकडं होतात, हात मिळवला की चहाला मोकळे. म्हणूनच बऱ्याच स्पर्धांत अमुक चालींच्या आत बरोबरीचा प्रस्तावच द्यायचा नाही, असा नियम असतो. पण या डावात मी माझा वजीर समोरच्याला खाऊ दिला होता, समोरच्या राजाला दर चालीला पळायला नेमकं एकच घर उरलं होतं, आणि दोघांपैकी कुणीही एक चाल वाकडी केली असती तर डाव तिथंच आटोपला असता. या सोळा चाली माझ्याकडे कुठून आल्या आणि समोरच्या मुलीकडे कुठून आल्या, हे सांगण्याजोगं आहे.

मुलगी मूर्तिजापूरकडची, आठवीतली. वडलांचं कृषी सेवा केंद्र. हंगाम तोंडावर आलेला असूनही दुकान भावावर सोडून ते तिच्याबरोबर आले होते आणि बाहेर खुर्चीवर बसून फोनवरूनच कपाशीच्या बियाण्याचे सौदे करत होते. तिचं रेटिंग माझ्याहून चांगलंच वर. आमच्या उमेदीच्या काळात जागतिक संघटनेचं, म्हणजे फिडेचं, रेटिंग २२०० च्या खाली मिळतच नसे. त्यामुळे वऱ्हाडातले आम्ही बहुतेक जण बिनरेटिंगचेच राहिलो. कुणाची ताकद सांगायची तर 'नागपुरात अमक्याला त्यानं रोखलं होतं' असं सांगावं लागे. आता ती रेषा १४०० वर आली आहे, आणि शाळकरी पोरं एकमेकांना नावाआधी रेटिंग विचारतात.

पांढरी मोहरी तिची. तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, ई४. मी वजिरापुढचं एक घर, डी६. तिच्या वयाच्या मुलांना समोरून ई५ किंवा सिसिलियनचं सी५ किंवा कारो-कानचं सी६ येणार असं वाटत असतं. डी६ वर ती गोंधळेल असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. तिनं चाल लिहिली, पेनाचं टोपण लावलं आणि लगेच डी४ खेळली.

डी६ म्हणजे पिर्क बचाव. वास्या पिर्क या स्लोव्हेनियाच्या ग्रँडमास्टरच्या नावानं तो ओळखला जातो. यात काळा मधली घरं आधी पांढऱ्याला देऊन टाकतो, राजाच्या बाजूचा उंट जी७ वर बसवतो आणि मग पांढऱ्यानं मांडलेला पसारा पोखरायला निघतो. १९९९ मध्ये हॉलंडमधल्या विक आन झी इथं कास्पारॉव्हनं टोपालॉव्हला हत्तीचा बळी देऊन हरवलं, तो गाजलेला डाव पिर्कचाच. त्यात काळ्याच्या राजाची जी फरपट झाली ती पाहिलेले शिक्षक मुलांना पिर्कपासून लांबच ठेवतात, आणि नवशिक्यांसाठी ते बरोबरही आहे. मी तो धरला आणि सोडला नाही, याला कारण माझे आजोबा.

आजोबा दर्यापूर तालुक्यातले. खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरींचं पाणी मचूळ, शेती सगळी पावसावर. पेरणी आणि वेचणी यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत ओसरीवर कापडी पट पडायचा. ते खेळायचे देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच, तोवर शह बसलेला नसेल तर, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वाटेल तेव्हा वजीर होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचलं ते मोहरं मिळतं. समोरच्याची सगळी लाकडं मारून राजा एकटा पाडला तर ती बुर्जी, पुरता विजय नव्हे. आणि प्याद्यानं मात केली तर ती चार दिवस गावात सांगायची गोष्ट.

प्यादी एकेक घर चालणार म्हटल्यावर सुरुवातीला डाव रांगतो. समोरासमोर गाठ पडायलाच बराच वेळ लागतो, त्यामुळे खेळणारा घाई करत नाही, आधी आपलं घर नीट बांधून घेतो. आजोबा वजिरापुढचं प्यादं एक घर, राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचे आणि त्या मागच्या खोबणीत उंट बसवायचे. मला म्हणायचे, "उंट कोपऱ्यात ठेव बा. तिथून तो अख्खं वावर पायते."

हे काही आजोबांचं एकट्याचं डोकं नव्हतं. देशी पद्धतीनं खेळणारे सगळीकडे असंच मांडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, लंडनमध्ये नावाजलेला खेळाडू. महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली ब्राह्मण त्याच्याशी वर्षानुवर्षं खेळले, आणि त्यातले बरेच डाव लिहून ठेवलेले असल्यामुळे आज पाहायला मिळतात. युरोपी नियमांनी प्यादं दोन घरं टाकायची मुभा मिळाली तरी महेशचंद्रांचा हात डी६, जी६, उंट जी७ याच वळणावर जाई. १८५५ मधल्या त्यांच्या एका डावात तर पुढं ग्रुनफेल्ड बचाव म्हणून प्रसिद्ध झालेली मांडणी आहे. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डनं ती मोठ्या स्पर्धेत आणली १९२२ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी. युरोपला तेव्हा या पद्धतीच्या सुरुवाती नव्या वाटल्या, आणि त्यांना 'इंडियन' हे नाव चिकटलं: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो इंडियन. त्या नावातला इंडियन म्हणजे आजोबांच्या ओसरीवर बसणारी माणसं, असं मी मानतो. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

१९७२ ची फिशर आणि स्पास्कीची लढत झाली तेव्हा मी शाळेत होतो. रेडिओवरच्या बातम्यांत बुद्धिबळ आलेलं आमच्या घरानं पहिल्यांदाच ऐकलं. आजोबांना त्या खेळाचे नियम पसंत नव्हते. "प्यादं दोन घरं उडते, हे काय बुद्धिबळ हाय?" असं त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं. पुढं कधीतरी त्या लढतीतला सतरावा डाव मी एका पुस्तकात पाहिला. काळी मोहरी फिशरकडे, आणि सुरुवात डी६, जी६, घोडा एफ६, उंट जी७. आजोबा तेव्हा नव्हते, नाहीतर तो डाव त्यांच्यापुढं मांडला असता.

नोकरी लागली सहकारी बँकेत, अमरावतीला. अमरावती हे व्यायामाचं गाव. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथं १९१४ पासून आहे आणि १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. अशा गावात बसून खेळायच्या खेळाची काय पत असणार? आम्ही काही जण बँक सुटल्यावर राजकमल चौकाजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर जमायचो. पुस्तकं मिळत नसत. नागपूरला खेळायला गेलं की तिथल्या खेळाडूंकडे बेलग्रेडहून निघणारं 'चेस इन्फॉर्मेटर' पाहायला मिळे. १९६६ पासून चालू असलेले ते जाडजूड ग्रंथ. शब्द जवळजवळ नाहीतच, सगळं खुणांत. पांढरा बरा, काळा बरा, चाल चांगली, चाल घाणेरडी, सगळ्याला एकेक चिन्ह. त्यामुळे इंग्रजीवाचून कुणाचं अडत नसे. पिर्कच्या माझ्या फाट्याचा तिथला क्रमांक बी०९. एका रात्रीपुरता तो ग्रंथ मला मिळाला होता. नागपुरातल्या ज्या खोलीत उतरलो होतो तिथं बसून बी०९ ची पानं वहीत उतरवून काढली आणि सकाळी ग्रंथ परत केला. त्यातल्या एका ओळीखाली मी लाल शाईनं रेघ मारली होती. अकोल्यात पटावर आली ती तीच ओळ.

तिनं डी४ केल्यावर मी घोडा एफ६, तिनं घोडा सी३, मी जी६, आणि चौथ्या चालीला तिनं एफ४. आता तिची तीन प्यादी चौथ्या ओळीत एकमेकांना लागून उभी. याला ऑस्ट्रियन हल्ला म्हणतात. पिर्कवरचा सगळ्यात उद्धट इलाज हाच. मी उंट जी७, तिनं घोडा एफ३. इथं बरेच जण किल्लेकोट करून राजाची सोय लावतात. मी सी५ केलं. फिशरनंही सतराव्या डावात हेच केलं होतं, आणि स्पास्कीनं ते प्यादं खाल्लं होतं. तिनं खाल्लं नाही. तिनं उंट बी५ वर आणून शह दिला, मी उंट डी७ मध्ये घातला.

मग ई५, माझ्या घोड्याच्या अंगावर. घोडा पुढं जी४ वर टाकला. मग ई६. हे प्यादं ती फुकट देत होती, आणि न घेऊन चालत नव्हतं. मी एफ-प्याद्यानं ते खाल्लं. घोडा जी५. मी तिचा बी५ वरचा उंट मारला, तिनं घोड्यानं ई६ वरचं प्यादं मारलं. या घडीला बाजूनं जाणाऱ्यानं पट पाहिला असता तर काळ्याचं आटोपलं असंच म्हणाला असता. तिचा घोडा माझ्या वजिरावर चालून आलेला, शिवाय जी७ च्या उंटावरही. वजीर वाचवावा तर उंट जातो, तोही शहासकट. एक-दोघं खरंच येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे दयेनं पाहून गेले.

दहावी चाल ती लाल रेघेची. वजीर तसाच मरायला ठेवून उंटानं डी४ वरचं प्यादं मारायचं. जी७ वरून निघालेला उंट एका फटक्यात पटाच्या मधोमध.

इथं ती पहिल्यांदा थांबली. सात-आठ मिनिटं डोकं दोन्ही हातांत धरून बसली. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, पोरीचं पाठांतर इथं संपलं. अशा वेळी समोरच्याकडे पाहायचं नसतं, म्हणून मी पंख्याकडे पाहत राहिलो.

मग तिनं वजीर खाल्ला. मी उंट एफ२ वर नेऊन शह दिला. त्या उंटाला जी४ च्या घोड्याचा जोर, त्यामुळे राजाला तो खाता येत नाही. बी५ वर बसलेला माझा दुसरा उंट ई२ आणि एफ१ ही घरं धरून बसलेला. राहिलं डी२. राजा तिथं गेला. उंट ई३ वर, पुन्हा शह. पुन्हा घोड्याचा जोर, डी३ आणि ई२ उंटानं धरलेली, बाकीच्या घरांत तिचीच लाकडं. राजा परत ई१ वर. उंट एफ२, शह. वजीर गमावून बसलेल्या मला शह देणं थांबवता येत नाही, आणि तिला दुसरीकडे जाता येत नाही.

अशी बरोबरी मागायची एक रीत आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा आपल्या चालीनं येणार असली, की मागता येते. आणि इथं एक बारकी गोम आहे. एफ२ वरचा पहिला शह या मोजणीत धरत नाहीत. तेव्हा पांढरा राजा जागचा हललेला नव्हता, त्याचा किल्लेकोटाचा हक्क शिल्लक होता. राजा एकदा डी२ वर गेला की तो हक्क संपला. म्हणून सगळी लाकडं त्याच घरांत परत आली तरी नियमाच्या लेखी ती वेगळी स्थिती. मोजणी सुरू होते राजा डी२ वर आल्यापासून: बारावी चाल, चौदावी, सोळावी.

तिनं सोळावी चाल पटावर केलीच नाही. कागदावर 'राजा डी२' लिहिलं, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. नियम नेमका असाच आहे. चाल आधी लिहायची, हात लावायचा नाही, आणि पंचांना सांगायचं. पंचांनी रिकामा पट आणून पहिल्या चालीपासून डाव लावून पाहिला, बोटांवर मोजलं आणि मान हलवली. मागणी चुकली असती तर माझ्या घड्याळात दोन मिनिटं वाढली असती. जन्मभर खेळलेली माणसं इथं गडबडतात. आधी मोहरं हलवतात, मग हात वर करतात, आणि हक्क घालवून बसतात. या पोरीला तो नियम कुणी शिकवला असेल त्याचं मला कौतुक वाटलं.

बाहेर आल्यावर तीच माझ्याजवळ आली.

"काकाजी, उंट डी४ तुम्हाले पाठ होतं, का तिथं बसून शोधलं?"

"पाठ होतं."

"मलेही." आणि हसली.

मग ती सात-आठ मिनिटं कशाला लावली, असं मी विचारलं. "मी चाल नव्हती शोधत. आर्ध्या गुणात मुलींचं बक्षीस बसते का, त्याचा हिशेब करत होती." वडील मागून म्हणाले, "अन् बसलं ना बेटा." बक्षीस बसलं होतं.

तिची गोष्ट अशी. आधीच्या एका फेरीत ती माझ्या शेजारच्या पटावर होती. माझं डी६ तिनं तेव्हाच पाहून ठेवलं. शेवटच्या फेरीची जोडी लागली तेव्हा रात्री मुक्कामी मोबाइलवर सगळा फाटा काढला. नागपूरचे एक शिक्षक तिला ऑनलाइन शिकवतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, हीच ओळ खेळ, हरत नाहीस. जिंकायचं असलं तर वजीर खाऊ नकोस, सी३ च्या घोड्यानं बी५ चा उंट खा. जे मला नागपुरात एक रात्र जागून, डोळे फोडून मिळालं, ते तिला लॉजच्या खाटेवर पंधरा मिनिटांत मिळालं. याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. त्या वह्या उतरवण्यात काही पुण्य नव्हतं. दुसरा इलाज नव्हता, एवढंच.

मी म्हटलं, चल, मग तो दुसरा रस्ता पाहू. व्हरांड्याच्या पायरीवर पट मांडला. फोन वडलांच्या खिशात. ती धडाधड चाली लावत गेली: घोड्यानं उंट मारला, वजीर ए५ शह, सी३, उंट एफ२ शह, राजा डी२, उंट ई३ शह, राजा सी२, वजीर ए४ शह, राजा बी१, वजीर ई४ शह, वजीर सी२, वजिरावजिरी, आणि शेवटी सी१ वर उंटाला उंट. अठरा चाली झाल्या, एकही आपली नाही. पटावर उरलं ते असं: वजीर गेले, चारही उंट गेले, दोघांकडे दोन हत्ती आणि दोन घोडे. काळ्याचं एक प्यादं जास्त, पण पांढऱ्याचे दोन्ही घोडे काळ्या राजाच्या दाराशी आणि चाल काळ्याची.

"इथून पुढं?"

"इंजिन शून्य दाखवते. बरोबरी."

"ते इंजिनची. आपली कोण करणार?"

मग आम्ही तिथून खेळलो. घड्याळ नव्हतं, कुणाला कुठं जायचं नव्हतं, मित्र तेवढा अधूनमधून बसची आठवण करून देत होता. ती पांढऱ्यानं. आणि अठराव्या चालीपर्यंत जितक्या वेगानं ती खेळली होती, तितक्याच वेगानं पुढंही खेळत राहिली. दर चालीला दहा सेकंद, फार तर पंधरा. तिचा चांगला घोडा तिनं माझ्या बी८ वरच्या बसून असलेल्या घोड्याला देऊन टाकला. दोन्ही मारता येत होते म्हणून मारले. त्यानंतर माझं जास्तीचं प्यादं हळूहळू चालू लागलं आणि ती हरली. पट फिरवला. आता काळी तिची. या वेळी मी हरलो. एका घोड्यानं माझा राजा आणि हत्ती एकदमच धरले, ते तिनं चार चाली आधी पाहिलं होतं आणि मी नाही. तेव्हा डोकं तिचं माझ्यापेक्षा तेज आहे यात शंका नको. पण कोणता घोडा ठेवायचा आणि कोणता द्यायचा, काहीच घडत नसताना काय करायचं, या प्रश्नाशी ती थांबतच नव्हती. मी विचारलं, लांब वेळेचे डाव किती खेळतेस? तिनं वडलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "काकाजी, आपल्याकडं होते कुठं? ही एक सोडली तर सगळ्या एका दिवसाच्याच राहतात. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी."

हे खरं आहे. आमच्या भागात रविवारी एखाद्या शाळेत, मंगल कार्यालयात स्पर्धा असते. पंधरा-वीस मिनिटांचे डाव, दिवसाकाठी सात-आठ फेऱ्या, वयोगटवार ढीगभर ट्रॉफ्या. आयोजकांना परवडतं, पालकांना सोयीचं पडतं, मुलांना मजा येते. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही खेळतो. पण पंधरा मिनिटांच्या डावात अठरा पाठ चाली असल्या की अर्धी लढाई होऊन जाते, आणि पुढचं समोरच्याच्या घड्याळावर सोडून देता येतं. चार तास एकाच पटासमोर बसून, कंटाळा येऊन, पाणी पिऊन येऊन, पुन्हा त्याच घोड्याकडे पाहणं हे त्यात येत नाही. ते मोबाइलवरही येत नाही.

मुलांमध्ये कमी आहे असं म्हणायला जागाच नाही. विदर्भाचा पहिला ग्रँडमास्टर स्वप्नील धोपाडे अमरावतीचा. त्याच्यानंतर नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता ग्रँडमास्टर झाले. आणि २८ जुलै २०२५ ला नागपूरच्याच दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमी इथं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक घेतला, त्याच विजयानं ग्रँडमास्टरही झाली. तेव्हापासून ओळखीचे, अनोळखी पालक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "पोरीला कोणती ओपनिंग शिकवू?" मी सांगतो, कोणतीही शिकवा, ती सगळी फुकट मिळते. यातल्या प्रत्येकाला लांब डाव खेळायला घर सोडून देशभर, जगभर फिरावं लागलं, हे मात्र पालकांनी विचारात घ्यावं. मूर्तिजापूरच्या दुकानदारानं ते किती वर्षं करायचं?

परतीला मित्रानं गाडी काढली. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला होता, हे त्याला तोंडपाठ आहे आणि प्रत्येक वेळी तो ते सांगतो. या वेळी बोरगाव मंजूच्या पुढं सांगितलं. मग म्हणाला, "तुह्या त्या सोळा चालींपेक्षा पायरीवरचा डाव जास्त वेळ चालला ना बे." चालला होता, बस केव्हाच निघून गेली होती, म्हणून तर त्याला अकोल्यातल्या भाच्याची गाडी मागून आणावी लागली होती.

आता मुद्द्याचं. नऊ फेऱ्यांची, नव्वद मिनिटं आणि चालीला तीस सेकंद अशी स्पर्धा घ्यायची तर पाच दिवस लागतात. सभागृह पाच दिवस अडतं, प्रत्येक पटाला इलेक्ट्रॉनिक घड्याळ लागतं, परवानाधारक पंच लागतात, बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय लागते. एका दिवसाच्या स्पर्धेइतकी ट्रॉफ्यांची गर्दी आणि उद्घाटनाची भाषणं त्यात मावत नाहीत, म्हणून पुढारी आणि देणगीदार फिरकत नाहीत. तरी अमरावती आणि अकोला मिळून वर्षाला एक अशी स्पर्धा जड नाही. एक वर्ष इकडं, एक वर्ष तिकडं. दोन्ही शहरांत दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयांची सभागृहं रिकामी असतात. मे महिन्यात घेऊ नका. अकोल्याच्या उन्हात कूलरचं भाडंच बक्षिसांइतकं होतं, आणि कृषी केंद्रवाल्या बापांची पंचाईत होते. कुणी पुढाकार घेणार असेल तर पट आणि घड्याळं आम्हा जुन्या खेळाडूंकडे आहेत. मागा, देऊ. पाचही दिवस टेबलं लावायलाही येऊ.